सूतिकागार आणि माहेरची खोली

नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडींतून उतरणाऱ्या मंडळींत बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेक ओळखण्यास विशेष चातुर्य लागत नाहीं. बाप किंवा भाऊ सामान घेऊन पुढें चाललेला असतो, आई तिचा दंड धरून बरोबर असते, आणि फलाटावरचीं ओळखीचीं माणसें "कितवा?" एवढेंच विचारून वाट देतात. गाडी येथें फार वेळ थांबत नाहीं. म्हणून उतरण्याची तयारी आधींच्या स्टेशनापासून सुरू झालेली असते. घरीं गेल्यावरहि सगळें ठरलेलेंच असतें. ओटीभरण कोणत्या दिवशीं, लाडू डिंकाचे कीं अळिवाचे, बाळंतविड्यांत दुपटीं किती, बाजेखालीं शेगडी कोण ठेवील, या प्रश्नांचीं उत्तरें महिनादीड महिना आधीं तयार असतात. परंतु ज्या एका रात्रीसाठीं हा सगळा व्यवहार, त्या रात्रीं वेणा अडल्या तर वाहन कोणाचें, जावयाचें कोठें, पैसा कोणाजवळ आणि 'आतां निघा' असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हें मात्र पुष्कळ घरांत त्या रात्रीच ठरतें.

पाश्चात्य देशांत गेल्या चार दशकांत 'बर्थ प्लॅन' नांवाचा एक कागद रूढ झाला आहे. गर्भवतीनें आपल्या इच्छा प्रसूतीपूर्वींच त्यावर लिहावयाच्या: जवळ कोण असावें, वेणा सोसतांना हिंडण्याफिरण्याची मोकळीक असावी कीं नाहीं, वेदना कमी करण्याचें औषध केव्हां द्यावें, शस्त्रक्रियेची वेळ आल्यास कोणास विचारावें, मूल जन्मतांच आईच्या उराशीं द्यावें कीं कसें. अमेरिकेंतील पेनी सिम्किन व कार्ला राइन्के या दोघींनीं १९८० सालीं या विषयावर एक पुस्तिका काढली, तेव्हांपासून या कागदाचा प्रसार झाला असें सामान्यतः मानतात. आमच्याकडील वडीलधाऱ्यांस हें तिकडलें खूळ वाटतें. बाळंतपण का कधीं कोणाच्या कागदाप्रमाणें होतें, असा त्यांचा प्रश्न असतो; आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु बाळंतपणाआधीं सर्व जमवून, नेमून, ठरवून ठेवावें ही कल्पनाच परकी आहे असें जे म्हणतात, त्यांनीं आपल्या घरांतील जुनी पेटी उघडून पाहिलेली नसते.

ती पेटी म्हणजे चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठवा अध्याय. नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध असावें अशी तेथें आज्ञा आहे. जागा कशी? हाडें, खडे, खापऱ्या काढून साफ केलेली. मातीचा रंग, रस व गंध चांगला. दार पूर्वेस किंवा उत्तरेस. बेल, टेंभुर्णी, हिंगणबेट, बिब्बा, वायवर्णा, खैर अशा झाडांचें लाकूड वापरावें. आंत विस्तव, पाणी, उखळ, शौचाची जागा, न्हाणी व स्वयंपाकाची जागा यांची सोय हवी, आणि खोली त्या त्या ऋतूंत सुखकर हवी. यापुढें साहित्याची जी यादी येते ती वाचतांना एखाद्या नेटक्या गृहिणीनें दिवाळीपूर्वीं केलेल्या टिपणाची आठवण होते: तूप, तेल, मध, निरनिराळ्या जातींचें मीठ, वावडिंग, गूळ, कोष्ठ, देवदार, सुंठ, पिंपळी, दोन दगड, दोन मुसळें, दोन उखळें, सुया, तीक्ष्ण लोखंडी शस्त्रें, बेलाच्या लाकडाच्या दोन बाजा, विस्तव धगधगता ठेवण्यास लाकडें, आणि एक दांडगा बैलहि. बैल कशासाठीं हें टीकाकारांवर सोपवून आपण पुढें जाऊं. पुष्कळ वस्तु दोन-दोन सांगितल्या आहेत, त्या मात्र मला अर्थपूर्ण वाटतात. अडचणीच्या वेळीं एक मोडली तर दुसरी हाताशीं असावी, हा विचार त्यामागें असल्यावांचून राहत नाहीं.

वस्तूंनंतर माणसें. सोबतीस ज्या स्त्रिया ठेवावयाच्या त्यांनीं अनेक बाळंतपणें सोसलेलीं असावींत, गर्भिणीवर त्यांचा जीव असावा, त्या प्रसूतिकर्मांत कुशल असाव्यात, स्वभावानेंच मायाळू, क्लेश सहन करणाऱ्या आणि खेद टाकलेल्या असाव्यात. हें शेवटचें विशेषण ज्यानें घातलें त्यानें बाळंतिणीच्या उशाशीं बसून रडणाऱ्या, दुसऱ्या कोणाच्या अडलेल्या बाळंतपणाच्या कथा सांगणाऱ्या बायका जवळून पाहिल्या असल्या पाहिजेत. अथर्ववेद जाणणारे ब्राह्मणहि तेथें असावेत असें सांगून ग्रंथकार शेवटीं म्हणतो कीं, याखेरीज ब्राह्मण आणि वृद्ध स्त्रिया जें सांगतील तेंहि करावें. शास्त्रग्रंथानें म्हाताऱ्या बायकांच्या अनुभवास आपल्या यादींत जागा राखून ठेवावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

प्रत्यक्ष वेणांविषयीं तर तेथें एक वादच नोंदलेला आहे. कांहींचें मत असें कीं, वेणा सुरू होऊनहि मूल येत नसेल तर स्त्रीनें उठून मुसळ घ्यावें आणि उखळांत धान्य कांडावें. आत्रेय हें मत मान्य करीत नाहींत. गर्भिणीस जबर श्रम नेहमींच वर्ज्य, मग या नाजूक वेळीं ते कसे चालतील, असें त्यांचें म्हणणें. चालणें, फिरणें, जांभया देणें एवढें मात्र अवश्य करावें. वेणा आल्या नसतां जोर करूं नये, तो व्यर्थ जातो आणि बाळास अपाय करतो, हें तिला समजावून सांगण्याचें काम जवळच्या, तिला आवडणाऱ्या स्त्रीकडे दिलें आहे. सुश्रुतानें आपल्या सूतिकागाराचें मापच देऊन ठेवलें आहे, आठ हात लांब व चार हात रुंद. आणि परिचर्येसाठीं चार प्रौढ, अनुभवी स्त्रिया सांगून त्यांचीं नखें कापलेलीं असावींत अशी अट घातली आहे. 

या नखांवरून आमच्यांतील कांहीं अभिमानी लेखक प्राचीनांस जंतुशास्त्र ठाऊक होतें असें सिद्ध करूं पाहतात. तसें करण्याचें कारण नाहीं. सूतिकाज्वर हातांवाटे पसरतो हें व्हिएन्ना येथें इग्नाझ सेमेलवाइसनें १८४७ सालीं हात क्लोरीनयुक्त पाण्यानें धुण्याची सक्ति करून दाखवून दिलें, आणि त्याच्याहि समकालीनांनीं तें सहजासहजीं मानलें नाहीं. सुश्रुताच्या नियमामागें उपपत्ति कोणतीहि असो. नियम चांगला होता आणि तो आमच्या हातून निसटला, इतकें म्हटलें तरी पुरें आहे.

तो निसटला कसा? जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली म्हणजे बहुधा घरांतील सर्वांत निरुपयोगी खोली. उजेड नको, वारा नको, सोयर असल्यामुळें चांगलें अंथरूण नको. जीं धडुतीं पुढें टाकूनच द्यावयाचीं तीं तिच्या वाट्यास येत. ऋतूस सुखकर अशी खोली सांगणाऱ्या ग्रंथाचे वारस तिला कोंदट कोपऱ्यांत ठेवून वर शेगडीचा धूर देऊं लागले. चरकानें नाळ कापण्यासाठीं तीक्ष्ण शस्त्र आणि बाळाच्या बेंबीपासून आठ अंगुळांचें अंतर सांगितलें आहे. प्रत्यक्षांत घरांतला विळा पुढें येई, आणि आठवड्याभरांत बाळाची दांतखिळी बसली तर त्यास सटवाईचा कोप म्हणत. तो धनुर्वात होता. त्या सटवाईसाठीं पांचव्या-सहाव्या रात्रीं पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडण्याची चाल आजहि कित्येक घरांत आहे. बाळाचें भविष्य ती त्यावर लिहून जाते अशी श्रद्धा. बाळंतखोलींत शतकानुशतकें कागद आला तो एवढाच, आणि तोहि सगळें आटोपल्यावर.

येथें दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्त्रीस कोणी कांहीं विचारलेंच नाहीं असें मात्र नव्हे. चौथ्या महिन्यापासून गर्भिणी द्विहृदया होते, एक हृदय तिचें आणि एक बाळाचें. म्हणून तिच्या इच्छा डावलूं नयेत, असें सुश्रुत सांगतो. 'डोहाळे' हा आमचा शब्द त्याच 'दौहृद' शब्दापासून आला. तिला आंबट हवें कीं गोड, चांदण्यांत बसावें कीं बागेंत, नावेंत जेवावें कीं झोपाळ्यावर, हें मोठ्या कौतुकानें विचारण्याची आमची रीति आहे, आणि ती गोड आहे. पण हें कौतुक सातव्या महिन्याच्या जेवणावळीपाशीं संपतें. बाळंतपण सासरीं कीं माहेरीं, सुईण बोलवावी कीं डॉक्टर, जवळ कोण असावें, या गोष्टी दोन घरांतील वडील मंडळी आपसांत ठरवीत. जिच्या जिभेची इच्छा बाळाची इच्छा म्हणून मानली गेली, तिची स्वतःच्या देहाविषयींची इच्छा कोणी विचारली नाहीं.

घाटाखालच्या एका खेड्यांतील आमच्या नात्यांतली एक म्हातारी आपलीं बाळंतपणें सांगत असे. प्रत्येक वेळचें लुगडें, प्रत्येक वेळचे लाडू तिला स्पष्ट आठवत. एका बाळंतपणाच्या वेळीं दोन दिवस वेणा चालल्या होत्या. बाहेर ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली. खामगांवास न्यावें कीं नाहीं याचा विचार चाललेला. जांवयाकडील माणूस येईपर्यंत थांबावें असें कोणी म्हणे, आणखी एक काढा देऊन पाहावा असें कोणी. शेवटीं बैलगाडी जोडली ती भर पावसांत, आणि ती गांवाबाहेरच्या नाल्यांत रुतली. म्हातारी वांचली, मूल वांचलें नाहीं. तिचा राग पावसावर नव्हता, नाल्यावरहि नव्हता. ओट्यावरचें सगळें बोलणें तिला आंतून ऐकूं येत होतें, एवढेंच ती पुन्हां पुन्हां सांगे. वऱ्हाडांतील काळ्या मातीचा पावसाळ्यांत कसा चिखल होतो हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही कथा एका घरची वाटणार नाहीं.

आणि तरी हा मुलूख वाहतुकीच्या बाबतींत मागासलेला होता असें म्हणतां येत नाहीं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ सालीं नागपूरपर्यंत पोंचली, आणि नांदुरा त्या मुख्य मार्गावरचें स्टेशन ठरलें. नांदुऱ्याजवळच्या जलंबपासून खामगांवपर्यंतची शाखा १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें उघडली, ती खामगांवच्या बाजारांतील कापसासाठीं. कापूस पावसांत भिजूं नये, वेळेवर मुंबईस पोंचावा, याची चिंता करणारे लोक शहाणे होते. गठ्ठा बांधण्यापूर्वीं तो कोठें, कसा आणि कोणाच्या जबाबदारीवर जाणार हें त्यांनीं ठरविलेलें असे. बाळंतिणीच्या बाबतींत तसा विचार करण्यास सरकारास आणि समाजास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं.

त्या विचाराच्या आरंभीं एका महाराष्ट्रीय मुलीचें दुःख आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. चवदा वर्षांच्या वयांत त्यांस मूल झालें आणि दहा दिवसांत तें गेलें. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर तें जगलें असतें या जाणिवेनें त्या डॉक्टर होण्यास निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १८८६ सालीं पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे ज्या पेटीविषयीं वर लिहिलें, ती त्यांनीं अमेरिकेंत बसून उघडली. पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्यांचा अंत झाला. ज्या विद्येसाठीं त्या गेल्या तिचा उपयोग मायदेशीं करण्यास त्यांस अवसर मिळाला नाहीं.

१८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवानें हिंदी स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची मदत पुरविणारा निधि स्थापन झाला. अमरावतीचें डफरिन रुग्णालय हें नांव वऱ्हाडांत घरोघर ठाऊक आहे. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं सुइणींस शिक्षण देण्यासाठीं निराळा निधि काढला. सुइणींच्या अज्ञानावर त्या काळीं जें लिहिलें गेलें त्यांत तथ्य होतें, पण न्याय नेहमींच होता असें नाहीं. हात धुण्याची गोष्ट तिला कोणी शिकविली नव्हती हें खरें. परंतु मध्यरात्रीं, चिखलांतून, अर्ध्या पायलीच्या मोबदल्यांत येणारी तीच एकटी होती. १९४६ च्या भोर समितीनें स्थिति आंकड्यांत मांडली: दर हजार जन्मांमागें सुमारें २० माता दगावत होत्या, आणि शिकलेली सुईण ६०,००० लोकसंख्येमागें एक होती.

घरीं बसून विश्रांति घेण्याची सोयच जिला नाहीं तिनें बाळंतपणाची तयारी कसली करावी, हाहि प्रश्न त्याच सुमारास पुढें आला. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२८ सालीं प्रसूति-भत्त्याच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनीं पाठिंबा दिला. १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत आणि १९३० सालीं मध्यप्रांतांत तसे कायदे झाले. ते कारखान्यांतील बायकांपुरते होते. शेतांत कापूस वेंचणारी त्यांच्या बाहेरच राहिली.

आतां आजच्या काळाकडे येऊं. माता का दगावतात याचा विचार करतांना थॅडियस व मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं तीन विलंब सांगितले: मदत घ्यावी हें ठरविण्यांत, मदतीपर्यंत पोंचण्यांत, आणि पोंचल्यावर ती मिळण्यांत. वरील म्हातारीची गोष्ट वाचकांनीं या कसोटीस लावून पाहावी. पहिला विलंब ओट्यावर झाला आणि दुसरा नाल्यांत. सरकारी योजनांनीं प्रथम दुसऱ्या विलंबावर घाव घातला. २००५ मध्यें जननी सुरक्षा योजना, २०११ मध्यें सरकारी दवाखान्यांत प्रसूति, औषध व ने-आण मोफत करणारी योजना, २०१४ मध्यें महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ गर्भवतीनें आधींच येऊन राहावें म्हणून ज्या खोल्या काढल्या त्यांस 'माहेरघर' असें नांव दिलें. सरकारी कागदांत इतकें समर्पक नांव क्वचितच पाहावयास मिळतें. २०१५ सालीं माता व नवजात बालक यांचा धनुर्वात भारतांतून हटल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. २०१८ ते २० या वर्षांत महाराष्ट्रांत दर लाख जन्मांमागें ३३ माता दगावल्या. सबंध भारताचा आंकडा ९७ होता. भोर समितीच्या काळीं तोच हिशेब लाखामागें २,००० पडत होता.

पहिला विलंब मात्र घराच्या आंतला आहे, आणि तेथें रुग्णवाहिका जाऊं शकत नाहीं. त्यासाठींच हल्लीं आशा कार्यकर्ती घरीं येऊन विचारतात: प्रसूति कोठें करणार? नांदुऱ्यास कीं खामगांवास? वाहन कोणतें, त्याचा नंबर कोणाजवळ आहे? पैसे बाजूला काढले का? रक्त लागलें तर देणारा कोण? बरोबर कोण जाणार, मागें घर कोण पाहणार? रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढें अंधारी, पाणी जाणें यांपैकीं कांहीं दिसल्यास कोणास न विचारतां निघावयाचें, हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे का? नांदुऱ्याहून खामगांव वीस-पंचवीस किलोमीटर आहे, आणि बुलढाण्यास जावयाचें तर घाट चढावा लागतो. अंतर तेंच राहतें, पण रात्रीं दोन वाजतां ओट्यावर बैठक भरली तर तें दुप्पट होतें.

शहरांतील सुशिक्षित घरांची अडचण निराळी आहे. २०१९ ते २१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील शंभरांतील सुमारें ९५ बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं, आणि सुमारें २५ शस्त्रक्रियेनें. शस्त्रक्रिया कित्येकदां जीव वांचविते. परंतु ती केव्हां आवश्यक आणि केव्हां सोयीची, हें विचारण्याचें धैर्य वेणांच्या वेळीं कोणासहि नसतें. तें आधींच्या भेटींत विचारावयाचें असतें. कागदावर लिहिलेली इच्छा म्हणजे डॉक्टरांस हुकूम नव्हे. बाळाचे ठोके मंदावले तर सगळा आराखडा बाजूस ठेवावा लागतो, आणि शहाण्या आराखड्यांत ही ओळ पहिली असते. चरकानें सुद्धां सर्व यादी देऊन झाल्यावर ऐन वेळच्या सल्ल्यास वाव ठेवला होताच.

वेणा चालू असतां जवळ एक परिचित स्त्री असावी ही जुनी गोष्टहि फिरून आली आहे. दवाखान्यांच्या प्रसूतिगृहांतून आई, सासू, बहीण यांस कित्येक वर्षें दाराबाहेर ठेवीत. २०१७ अखेर केंद्र सरकारनें सुरू केलेल्या 'लक्ष्य' उपक्रमांत सरकारी प्रसूतिगृहांतहि गर्भवतीच्या पसंतीची एक सोबतीण आंत असावी असें धरलें आहे. मायाळू, क्लेश सोसणारी, खेद टाकलेली, ही तिचीं जुनीं लक्षणें कोणत्याहि परिपत्रकांत नाहींत, पण बायकांस तीं पाठ आहेत.

नांदुऱ्याकडील घरांत 'सोबत कोण' या प्रश्नास बहुधा 'आई' हेंच उत्तर मिळतें, आणि तें लगेच लिहून घेतलें जातें. तें लेकीनें स्वतः सांगितलें, कीं ती पाणी आणावयास आंत गेली असतां दुसऱ्या कोणीं सांगितलें, हें कागदावरून कळत नाहीं.